कातडीच्या रंगाची शाई

बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा मी गेली नऊ वर्षे नाशिकमधल्या एका महाविद्यालयात शिकवत आले आहे. बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे. १९३० साली त्यांचा जन्म झाला, १९६३ साली या नावाचा कथासंग्रह आला आणि २००८ साली नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. म्हणून ही कथा मला घरची वाटते. आणि घरच्या वस्तूकडे आपण जसे नीट पाहत नाही, तसे मी या कथेकडेही नीट पाहिले नव्हते. नायक नोकरीच्या गावी जात लपवून खोली मिळवतो, जात उघडकीला येते, तो मार खातो. तात्पर्य, लपवून सुटका नाही, उघडपणे लढले पाहिजे. एवढे सांगितले की माझा तास संपत असे.

गेल्या वर्षी असाच तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. तिच्या उजव्या कानशिलापासून गालावर उतरलेला एक व्रण आहे. वर्गात ती नेहमी भिंतीकडची जागा धरते, म्हणजे उजवा गाल भिंतीकडे राहतो, हे माझ्या ध्यानात आले होते. पण मी कधी विचारले नव्हते. ती म्हणाली, “मॅडम, त्यानं जात चोरली ती भाड्याच्या खोलीसाठी. मी ही खूण चोरली, तर तीही चूकच का?”

व्रणाची हकिगत तिने उभ्याउभ्याच सांगितली. ती निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातली. नऊ-दहा वर्षांची असताना उन्हाळ्यात गावच्या हातपंपावर पाण्यावरून बोलाचाली झाली. आईच्या अंगावर भिरकावलेला दगड हिच्या तोंडावर बसला. दवाखान्यात नेताना बरोबर आलेल्या गावातल्याच शहाण्या माणसाने वाटेत आईला समजावले की उद्याही तुम्हाला याच गावात राहायचे आहे. दवाखान्याच्या कागदावर ‘घागर घेऊन जाताना पडली’ असे लिहिले गेले. गुन्हा नोंदवला गेला नाही. आता तिच्या लग्नाचे चालले आहे. मुलगा बँकेत आहे, घर आपल्यातलेच आहे, दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धमूर्ती आहे. त्यांना मुलगी पसंत आहे. फक्त ‘ते गालावरचं तेवढं काहीतरी करून घ्या’ असा निरोप आला आहे. हल्ली व्रणावर कातडीच्या रंगाची शाई गोंदून तो झाकता येतो, असे तिच्या मैत्रिणीने सांगितले. तिला माझे मत हवे होते.

मी तिला जे पहिले उत्तर दिले ते आज लिहायला संकोच वाटतो. मी म्हणाले, “झाकू नकोस. ती तुझी साक्ष आहे.” त्यावर ती शांतपणे म्हणाली, “दहा-अकरा वर्षं झाली मॅडम, मला साक्षीला कुणी बोलावलं नाही. बघायला येतात तेव्हा मात्र सगळे आधी इथंच बघतात.”

हा लेख त्या प्रश्नाला माझ्या परीने दिलेले दुसरे उत्तर आहे. प्रश्न एका मुलीच्या गालाचा आहे तसाच तो आपल्या साहित्याचा आहे, आणि आपल्यातल्या शिकून पांढरपेशा झालेल्या वर्गाचाही आहे. त्या वर्गात मी स्वतः मोडते.

तिच्याबरोबर मी कॉलेज रोडवरच्या एका टॅटूच्या दुकानात गेले. काम करणारा तरुण प्रामाणिक होता. त्याने दोन पद्धती सांगितल्या. पहिली, व्रणावर चित्र काढायचे : वेल, पीस, फुलपाखरू. नजर चित्रावर जाते, व्रण त्याच्या रेषांत हरवतो. दुसरी, भोवतालच्या कातडीशी जुळणारा रंग मिसळून तो व्रणात भरायचा, म्हणजे व्रण आहे हेच कळू नये. बाळंतपणात पोटावर पडणारे वळ, ज्यांना आता सगळे स्ट्रेच मार्क्स म्हणतात, तेही अशाच रंगाने बुजवतात. मी माझ्या पोटावरच्या वळांसाठी किती खर्च येईल, हे विचारून घेतले. विद्यार्थिनी शेजारी बसली होती. तिला ‘झाकू नकोस’ म्हणणारी बाई स्वतःचे झाकायला काय पडेल, ते विचारत होती. त्याने सांगितलेला आकडा माझ्या आईच्या द्राक्षबागेतल्या दीड महिन्याच्या मजुरीएवढा होता.

ही कला कशी चालते, हे समजून घेतल्याशिवाय तिची समीक्षा करणे बरोबर नाही. कातडीचा वरचा थर सतत गळतो आणि नवा येतो. तिथे सोडलेला रंग टिकत नाही. म्हणून सुई एक-दोन मिलिमीटर खाली, आतल्या थरात रंग सोडते. शरीर त्या रंगाला परका समजते. शरीराच्या रक्षक पेशी तो गिळतात, पण त्यांना तो पचत नाही, आणि तो घेऊन त्या तिथेच राहतात. गोंदण जन्मभर टिकते ते यामुळे. विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने घेतले. एडिसनने नकला काढण्यासाठी बनवलेल्या विजेच्या लेखणीवरून ते बेतलेले होते. म्हणजे हे यंत्र मुळात लिहिण्याच्या हत्यारातून निघाले आहे.

व्रणावरचे काम साध्या कातडीपेक्षा अवघड असते. व्रणातली कातडी वेगळ्या विणीची असते, ती रंग सारखा धरत नाही. व्रण निदान वर्षभर जुना आणि बसलेला असावा लागतो. काही जणांचा व्रण भरताना मांस फुगून वर येते. त्याला डॉक्टर कीलॉइड म्हणतात, आणि सावळ्या-काळ्या त्वचेत हा कल अधिक आढळतो. अशा अंगावर सुई चालवली तर झाकायला गेलेला व्रण वाढण्याचीच भीती असते. कातडीच्या रंगाची शाई नको झाली म्हणून लेसर मारला, तर तिच्यातली पांढरी आणि तांबूस द्रव्ये कधी कधी उलट काळी पडतात. पण त्या तरुणाने सांगितलेली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. तो म्हणाला, “ताई, उन्हात जायचं नाही. तुमची कातडी उन्हानं काळवंडते, शाई काळवंडत नाही. मग झाकलेलं सगळं वेगळं दिसायला लागतं.”

विद्यार्थिनी माझ्याकडे पाहून हसली. सुट्टीत आणि रविवारी ती आईबरोबर बागेत जाते. घडांची विरळणी असो की काढणी असो, दिवस उन्हातच जातो. तिच्या हातांचा रंग जून महिन्यात एक असतो आणि मार्चमध्ये दुसरा. तिच्या गालावर भरलेली शाई कोणत्या महिन्याच्या रंगाशी जुळवायची? ही शाई सावलीत राहणाऱ्या कातडीसाठी बनलेली आहे. जिला उन्हात उभे राहावेच लागते, तिचे झाकणे उन्हाच्या भरवशावर असते.

त्या रात्री मी बागूलांची कथा पुन्हा वाचली. या वेळी मी शीर्षकातल्या क्रियापदापाशीच थांबले. बागूलांनी ‘लपवली’ असे लिहिले नाही, ‘चोरली’ असे लिहिले. जात त्याची स्वतःची. माणूस स्वतःचीच वस्तू कशी चोरील? पण मराठीत आपण अंग चोरतो. कुणाचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरून चालणे, अंग चोरून बसणे आपल्या पूर्वजांना सक्तीने शिकवले गेले. सावली पडेल म्हणून, वाट विटाळेल म्हणून. जो समाज माणसाला अंग चोरायला लावतो, तोच पुढे त्याला चोर ठरवतो, हा सगळा इतिहास त्या एका क्रियापदात आहे. नऊ वर्षे मी ते फळ्यावर लिहीत होते आणि त्याकडे माझे लक्ष गेले नव्हते.

कथेचा नायक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि खोलीसाठी जात सांगत नाही. तो कविता करतो, त्याच्या बोलण्याची छाप पडते, सहकारी त्याला मान देतात. भोवतालच्या रंगाशी जुळवून त्याने स्वतःवर शाई भरली आहे असे म्हणता येईल, आणि उन्हाचा दिवस येतो तेव्हा ती उघडी पडते. त्याच्या शेजारी बागूलांनी काशिनाथ सकपाळ उभा केला आहे. तो जात लपवत नाही, अपमान सहन करत नाही, आणि त्याच्याकडे चाकू आहे. मी मुलांना शिकवत आले ते असे की नायक चुकला आणि काशिनाथ बरोबर. पण कथा एवढी सोपी नाही. नायकाला जमाव मारतो तेव्हा काशिनाथच धावून येतो. तू जात का लपवलीस याचा जाब घेऊन मग वाचवायचे की नाही ते ठरवू, असे तो म्हणत नाही. ज्याने झाकले आणि ज्याने उघडे ठेवले, ते दोघे एकाच बाजूचे आहेत, हे काशिनाथला कळते. मला ते कळले नव्हते. विद्यार्थिनीला मी आधी जाब विचारला.

झाकण्याचा आणि दाखवण्याचा हा प्रश्न आपल्या साहित्यात जुना आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे हे दोन भाग आहेत : एक गावकुसाबाहेरचा, दुसरा शहरात नोकरी करणारा, लिहिणारा. दुसऱ्याने पहिल्याला झाकून टाकले असते तर पुस्तक झाले नसते. पहिल्याला दुसऱ्याची लेखणी मिळाली नसती तरीही झाले नसते. पुढे ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘उचल्या’ (१९८७) ही स्वकथने आली. तेव्हा दोन बाजूंनी आवाज उठले. प्रस्थापित समीक्षकांपैकी काहींना यात कलात्मक संयम दिसेना; अनुभव अस्सल आहे पण आकार नाही, असे ते म्हणू लागले. आपल्यातल्या शिकलेल्यांपैकी काही जण म्हणाले, ही घाण चव्हाट्यावर कशाला मांडता? पहिल्यांना व्रणावर नक्षी हवी होती, दुसऱ्यांना कातडीच्या रंगाची शाई. व्रण जसा आहे तसा पाहायची तयारी दोघांचीही नव्हती.

परंतु तिसराही एक वाचक आहे आणि त्याच्याविषयी आपण फार कमी बोलतो. त्याला फक्त व्रणच पाहायचा असतो. दलित लेखक म्हटला की त्याने अंगरखा काढून पाठ दाखवावी, अशी त्याची अपेक्षा असते. दारिद्र्य, भूक, मार एवढे भरपूर असेल तर तो पुस्तकाला दाद देतो; त्याच लेखकाने पाऊस किंवा प्रेम लिहिले तर त्याला ते ‘आपले अनुकरण’ वाटते. माझ्या ‘झाकू नकोस’ या उत्तरात या तिसऱ्या वाचकाचा अंश होता. तिचा व्रण मला पाठ म्हणून हवा होता.

बेबीताई कांबळे यांचे उदाहरण मला या ठिकाणी फार मोलाचे वाटते. ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्याचे लेखन त्यांनी अनेक वर्षे घरात दडवून ठेवले होते. महारवाड्यातल्या बायकांचा छळ त्यांनी निर्भयपणे लिहिला. नाकाने चालणारी घरातली सत्ता, सासुरवास, मारझोड सर्व लिहिले. पण नवऱ्याकडून स्वतःला सोसावा लागलेला मार त्यांनी त्या पुस्तकात लिहिला नाही. तो पुढे मुलाखतीत सांगितला. कोणी म्हणेल, ही अप्रामाणिकता. मला तसे वाटत नाही. त्यांना समाजाची कहाणी सांगायची होती, आणि आपला कोणता व्रण कधी व कोणापुढे उघडायचा, हे त्यांनी स्वतः ठरवले. ज्याच्या अंगावर व्रण आहे त्याचा हा अधिकार आहे. आपल्या समीक्षेने तो अधिकार अजून पुरता मान्य केलेला नाही.

आता गोंदणाविषयी. दुकानातल्या यंत्राकडे पाहताना मला माझी आजी आठवत होती. तिच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर गोंदण होते : तुळस, विंचू, ठिपक्यांची ओळ, भावाचे नाव. जत्रेत बसलेल्या गोंदणारणीकडून तिने ते काढून घेतले होते. दोन-तीन सुया एकत्र बांधून काजळी टोचायची, वर हळद लावायची. दागिना घ्यायची ऐपत नसलेल्या बाईचा तो दागिना. आजी म्हणायची, “समदं हितंच ऱ्हातं बाई, हे तेवढं संगं येतं.” तिच्या गोंदणाने काही झाकलेले नव्हते. गुडघा दुखतो म्हणून तिथेही तिने ठिपके टोचून घेतले होते, म्हणजे दुखरी जागा त्या ठिपक्यांनी उलट दाखवलीच होती. शान्ता शेळके यांच्या एका कवितासंग्रहाचे नाव ‘गोंदण’ आहे; मराठी मध्यमवर्गाला हा शब्द हळवा वाटतो. मलाही वाटतो. पण त्या हळवेपणात अडकणे आपल्याला परवडणारे नाही.

कारण अंगावरची खूण ओळख पटवायलाही वापरली जाते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले होते की तुमची लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातल्या आणि हातातल्या त्या जाड दागिन्यांची रास, या तुमच्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाका. दुरून पाहताच जात कळावी अशी कोणतीही निशाणी अंगावर ठेवू नका, हा त्याचा अर्थ. त्या स्त्रियांनी लुगडी बदलली, आणि त्यांनी जात चोरली असे आपण कधी म्हटले नाही. ते आपल्या मुक्तीचे एक पाऊल होते, असेच आपण अभिमानाने सांगतो. मग खूण टाकणे नेहमीच पळपुटेपणाचे असते, हे मी कोणत्या तोंडाने शिकवत होते?

आणि गोंदणाची सुई नेहमी आपल्या हातात नव्हती. बंगाल इलाख्यात इंग्रज सरकारने १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदण्याचा नियम केला होता. ती शिक्षा १८४९ साली बंद झाली. तिला ‘गोदना’ हाच शब्द होता. कैदी फेटा खाली ओढून, केस पुढे घेऊन ती अक्षरे झाकत. हे फार जुने वाटत असेल तर १९९३ साल घ्या. अमृतसरच्या पोलिसांनी सांसी या विमुक्त जमातीच्या चार स्त्रियांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ असे गोंदले. न्यायालयात त्या बायका कपाळावर पदर ओढून उभ्या राहिल्या, आणि पदर बाजूला केल्यावर ते प्रकरण उघड झाले. पुढे ती अक्षरे काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि संबंधित पोलिसांना दोषी ठरवायला २०१६ साल उजाडले.

या प्रकरणाकडे नीट पाहिले पाहिजे. त्या बायकांनी कपाळ झाकले, मग योग्य जागी उघडे केले, मग कायमचे पुसून घेतले. तिन्ही गोष्टी त्यांनी केल्या आणि तिन्ही योग्य होत्या. पुसण्याआधी त्या अक्षरांची नोंद झाली होती, म्हणून पुसल्यावरही पोलिसांचा गुन्हा पुसला गेला नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत क्रम उलटा झाला आहे. तिच्या व्रणावर पहिला थर दुकानातल्या शाईचा बसणार नाही. तो अकरा वर्षांपूर्वीच दवाखान्याच्या कागदावर बसला. ‘घागर घेऊन जाताना पडली’ ही खरी कातडीच्या रंगाची शाई. ती गावाच्या रंगाशी इतकी जुळली की दगड मारणाऱ्याचा हात दिसेनासा झाला. आता तिच्या गालावरची रेघ हा त्या हाताचा एकमेव उरलेला कागद आहे, आणि तोही बुजवायला निघालेले लोक आपल्यातलेच आहेत.

व्रणांची नोंद कशी होते, यालाही जात आणि जागा असते. १९३० साली याच शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. रामनवमीला रथावरून दगडफेक झाली, सत्याग्रही रक्तबंबाळ झाले. त्या व्रणांना दादासाहेब गायकवाड होते, बाबासाहेब होते, वर्तमानपत्रे होती. ते व्रण आज इतिहासात आहेत, आणि आपण दर वर्षी २ मार्चला त्यांचे स्मरण करतो. हातपंपावरच्या दगडाला पुढारी नव्हता, वार्ताहर नव्हता. कायद्याकडे पाहावे तर त्याची नजर मर्यादित आहे. दुखापत गंभीर कधी समजावी, हे सांगणाऱ्या कलमात डोके आणि चेहरा कायमचा विद्रूप होणे एवढेच विद्रूपीकरण सांगितले आहे. जुन्या दंड संहितेचे ते ३२० वे कलम, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ११६ वे. पाठीवरचे, मांडीवरचे वळ केवळ व्रण म्हणून त्यात बसत नाहीत. हिचा व्रण तर चेहऱ्यावरचाच होता, कायद्याला दिसणाऱ्या जागीच होता. तरी कायद्यापर्यंत तो पोचू दिला गेला नाही.

तेव्हा माझे दुसरे उत्तर असे. व्रण झाकावा की न झाकावा, हे ज्याच्या अंगावर तो आहे त्याने ठरवावे. कोड असलेली, भाजलेली, शस्त्रक्रिया झालेली माणसे या कलेचा आधार घेतात. तो आधार कोणी हिणवू नये. उद्या माझ्या विद्यार्थिनीने शाई भरून घेतली तर ती काशिनाथाच्या विरुद्ध बाजूला गेली, असे मी म्हणणार नाही. परंतु झाकण्याआधी त्या व्रणाचे खरे लिहून ठेवले गेले पाहिजे : दिवस, जागा, हात. शाई अंगावर चालेल, हकिगतीवर चालणार नाही. आणि जे म्हणतात ‘तेवढं काहीतरी करून घ्या’, त्यांना तो कागद आधी वाचायला दिला पाहिजे. तो वाचूनही त्यांना गाल स्वच्छ हवा असेल, तर अडचण गालाची नाही हे तिला कळेल.

समीक्षेलाही मला हेच म्हणायचे आहे. दलित साहित्याने नक्षी करावी की करू नये, हा वाद आपण चाळीस-पन्नास वर्षे घातला. लेखकाला नक्षी करू द्या, त्याला पावसावर लिहू द्या, त्याला काही गोष्टी न सांगण्याचाही हक्क द्या. आपण तपासायचे ते एवढेच की त्याच्या शब्दांनी मारणाऱ्याचा हात झाकला आहे काय. सफाईदार शैलीची पुष्कळशी कथा-कविता आज आपल्यातूनच लिहिली जाते, आणि तिच्यात दुःख असते पण दुःख देणारा नसतो. सगळेच कोणी घागर घेऊन जाताना पडलेले असते. आपल्या त्रैमासिकांतून अशा लेखनाची जेवढी कठोर तपासणी व्हायला हवी, तेवढी होत नाही. आपलाच माणूस आहे म्हणून आपण ती टाळतो.

विद्यार्थिनीने त्या दिवसाची हकिगत चार पाने लिहून काढली. आईला विचारून तिने त्यात हातपंपाजवळ उभ्या असलेल्यांची नावेही घातली. पाने तिच्याकडे आहेत, एक प्रत माझ्याकडे आहे. बँकेतल्या मुलाकडे तिसरी प्रत द्यायची की नाही, हे तिचे अजून ठरलेले नाही; गालाचेही ठरलेले नाही. काढणी संपेपर्यंत काही करायचे नाही, एवढे तिने सांगितले आहे, कारण त्या दिवसांत ऊन फार असते.

माझे म्हणाल तर, नाशिकला आले तेव्हा तीन ठिकाणी उपनाव विचारून मला खोली नाकारली गेली. चौथ्या ठिकाणी मी बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत लावली. आज घर स्वतःचे आहे, विचारणारे कोणी नाही, तरी तसबीर आतच आहे. त्या मुलाचे घर मी नावे ठेवून सांगितले. त्यांच्याकडे तसबीर निदान बाहेर आहे. हे मी आता वर्गात, बागूलांची कथा शिकवायच्या आधी, मुलांना सांगते.